साथीच्या काळात ज्येष्ठांचे मन

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ज्येष्ठांचा सकाळचा फेरफटका, कट्ट्यावरच्या गप्पा, देवळातील भजन एकाएकी थांबले. संसर्गापासून रक्षण झाले, परंतु एकाकीपणा वाढला. एकाकीपणा आणि बहिरेपणा हे दोन्ही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवितात, असे त्याच वर्षी ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने नमूद केले.

म्हणून साथीच्या काळात दिनक्रम हेच औषध समजावे. उठणे, जेवण, झोप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशी कामे आवर्जून सोपवावीत. मुखपट्टीमुळे ओठ दिसत नाहीत. तेव्हा श्रवणयंत्र लावून द्यावे, समोर बसून सावकाश बोलावे. विस्मरणामुळे हात धुण्याचे राहिल्यास वाद न घालता सोबत धुवावेत.

एक खूण मात्र दुर्लक्षू नये. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज अचानक असंबद्ध बोलू लागले किंवा गुंगीत राहिले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. वृद्धांमध्ये ताप-खोकला नसतानाही हे संसर्गाचे पहिले लक्षण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शुश्रूषा करणाऱ्यानेही रोज विसावा घ्यावा. मन जड झाल्यास ‘टेलिमानस’ (१४४१६) व ज्येष्ठांसाठी ‘एल्डरलाइन’ (१४५६७) या शासकीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहेत.