डिस्क इमेज रूपांतरण गोठणे

व्हर्च्युअल मशीनचे स्थलांतर करताना तिच्या डिस्क इमेजचे स्वरूप बदलणारी प्रक्रिया चालू दिसत असूनही पुढे सरकेनाशी होते, तेव्हा ते रूपांतरण गोठले असे म्हणतात. व्हीएमवेअरची व्हीएमडीके इमेज केव्हीएमसाठी क्यूकाऊ२ स्वरूपात आणण्यास ‘क्यूईएमयू-इमेज’ हे साधन सर्रास वापरले जाते. या काळात मूळ मशीन बहुधा बंद असते आणि अर्धवट रूपांतरण तेथूनच पुढे चालू करता येत नाही. त्यामुळे संथ प्रक्रिया गोठलेली समजून थांबवल्यास तासांचे काम वाया जाते. उलट चूक झाल्यास सेवा विनाकारण बंद राहते.

निदान

फाइलच्या आकारावरून अंदाज बांधणे सर्वांत फसवे होय. इमेजमधील शून्यांचे भाग सहसा डिस्कवर लिहिलेच जात नाहीत. रॉ स्वरूपातील फाइल तर आरंभापासूनच पूर्ण आकाराची दिसते. लिनक्सवर ‘प्रॉक’ फाइलप्रणालीतील त्या प्रक्रियेच्या ‘आयओ’ नोंदीत वाचलेल्या व लिहिलेल्या बाइटांची संख्या मिळते. ती काही मिनिटांच्या अंतराने वाढत असेल, तर काम चालू आहे. ‘सिगयूएसआर१’ हा संकेत पाठवल्यास साधन स्वतःच पूर्ण झालेली टक्केवारी छापते.

प्रक्रियेची अवस्था ‘डी’ असल्यास ती कर्नलमध्ये साठवणयंत्रणेच्या उत्तराची वाट पाहत असते. दोष बहुधा डिस्क किंवा नेटवर्कवरील साठ्यात असतो. अवस्था ‘एस’ आणि आकडे स्थिर असल्यास मात्र जीडीबीने प्रत्येक थ्रेडची कॉल-साखळी पाहावी लागते.

एआरएमवरील दोष

२०१८ मध्ये उबुंटूच्या लाँचपॅडवर नोंदला गेलेला दोष (क्र. १८०५२५६) दुसऱ्या प्रकारचा होता. ६४-बिट एआरएम संगणकांवर रूपांतरण अधूनमधून गोठे आणि मुख्य थ्रेड ‘पीपोल’ या कॉलमध्ये निजलेला आढळे. निजण्यापूर्वी मुख्य थ्रेड ‘मला जागे करा’ अशी खूण करून शिल्लक काम तपासतो. दुसरा थ्रेड काम नोंदवून ती खूण पाहतो. एआरएमचा प्रोसेसर मेमरीतील लेखन व वाचन यांचा क्रम बदलू शकत असल्याने दोघांनाही एकमेकांचे लेखन दिसत नसे आणि जागे करणारा कोणीच उरत नसे. एक्स८६ प्रोसेसरवर तेथील अणुक्रिया स्वतःच पूर्ण मेमरी-अडथळ्याचे काम करीत असल्याने हा दोष झाकलेला राहिला होता. २०२० मध्ये पावलो बोंझिनी यांनी क्यूईएमयूच्या त्या भागात स्पष्ट मेमरी-अडथळे घातले.