कपाशीत कामगंध सापळा लावलाय ना? मग सकाळी पतंगही मोजा!

गुलाबी बोंडअळीचं दुखणं असं, की ती दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. अंड्यातून निघालेली बारीक अळी लगेच पात्या, फुलं, बोंडात शिरते. बोंडाचं छिद्र बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार, आत सरकी खाल्लेली. एकदा अळी आत गेली की वरच्या फवाऱ्याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून अळीच्या आधी पतंगावर नजर ठेवावी लागते. कामगंध सापळ्याचं खरं काम हेच.

मादी पतंग रात्री एक प्रकारचा गंध सोडते आणि त्या वासावर नर येतो. तोच गंध कारखान्यात तयार करून छोट्या रबरी ल्यूरमध्ये भरलेला असतो. नर मादी समजून येतो आणि सापळ्याच्या पिशवीत अडकतो. आपल्याला हा वास येत नाही. मित्रकिडी, मधमाशा यांना त्याचा त्रास नाही.

कसा लावायचा?

- लागवडीनंतर ४५ दिवसांनी लावा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात लागवड असेल तर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सापळा वावरात हवा.
- पाहणीसाठी एकरी २ सापळे पुरतात. नर मोठ्या प्रमाणात पकडायचे असतील तर एकरी ८.
- सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण एक फूट उंच ठेवा. पऱ्हाटी वाढली की सापळाही वर सरकवा.
- गुलाबी बोंडअळीसाठी पेक्टिनोल्यूरच मागा. हेलील्यूर हिरव्या बोंडअळीचा आणि स्पोडोल्यूर तंबाखूच्या पानं खाणाऱ्या अळीचा. एका सापळ्यात दोन ल्यूर ठेवू नका.
- तंबाखू किंवा औषधाच्या हाताने ल्यूरला शिवू नका.
- साधारण तीन आठवड्यांनी ल्यूर बदला.

शेवटची गोष्ट अनुभवाची आहे. एका वर्षी मी ल्यूर बदललाच नाही. पिशवी रिकामी दिसायची म्हणून निर्धास्त राहिलो. बोंडं फोडली तेव्हा कळलं, पतंग होते, वासच उडून गेला होता.

फवारणी कधी?

रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहा आणि पिशवी रिकामी करा. एका सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ किंवा जास्त पतंग आले, तर धोक्याची पातळी गाठली समजा. त्याच दिवशी वावरात वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडून फोडा. २ बोंडांत जरी अळी निघाली तरी नुकसान १० टक्के झालं. मग कृषी सहायकाला विचारून फवारणी करा. आकडा कमी असेल तर ५ टक्के निंबोळी अर्कावर भागतं. डोमकळ्या दिसल्या की तोडून अळीसह नष्ट करा.

पोळ्याची अमावस्या आली, शेजाऱ्याने फवारलं, म्हणून आपणही पंप उचलायचा, ही सवय महागात पडते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलो नाही. एक फवारणी वाचली तर पैसा वाचतोच, फवारणाऱ्याच्या जिवाचा धोकाही तेवढा टळतो. आणि फवारायचंच असेल तर तोंडाला मास्क, हातात मोजे घाला, वाऱ्याच्या उलट्या दिशेने फवारू नका.

एवढ्यावर भागेल का?

नाही. सापळ्यात फक्त नर सापडतो. बाजूच्या वावरातून आलेली मादी अंडी घालणारच. त्यामुळे एकट्याने लावण्यापेक्षा सगळ्या शिवाराने एकाच वेळी लावले तर फायदा जास्त. आणि डिसेंबरअखेर कपाशी काढा. फरदड ठेवली, पऱ्हाट्या बांधावर रचल्या, की अळी तिथेच दबा धरून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा आपल्याच वावरात येते.