गढूळ पाणी किती वेळात निवळते?

मीरा-भाईंदरला उल्हास नदी दोन वाटांनी भेटते. एक वाट नळाची. शहाडला उचललेले पाणी टेमघरला शुद्ध होऊन स्टेम प्राधिकरणाच्या जलवाहिनीतून शहरात येते. एमआयडीसीकडून मिळणारे पाणीही त्याच खोऱ्यातले. दुसरी वाट लोकलच्या खिडकीतून दिसते. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये रेल्वेपुलाखाली जी खाडी आहे, तिच्यातून हीच नदी समुद्राकडे जाते. दोन्ही वाटांवर पाण्यातले मातीचे कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी बसतात. किती वेगाने, हे मोजता येते. पावसाळ्यात तर मोजावेच लागते.

वाळू आपली आपण खाली बसते. चिकणमातीचे तसे नाही. तिचा कण दोन मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान. एक मायक्रॉनच्या कणाला अगदी स्तब्ध पाण्यातही मीटरभर खाली यायला बारा-तेरा दिवस लागतात. इतकी सवड कोणत्या केंद्राला असणार? शिवाय या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीतले धनभारित अॅल्युमिनियम हा दुरावा मिटवते. मग कणांचे पुंजके होतात आणि ते झपाट्याने खाली येतात. हंड्यात तुरटी फिरवण्यामागचे शास्त्र एवढेच.

१९१७ साली मारियान स्मोलुखोव्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने या चिकटण्याचे गणित मांडले. प्रत्येक टक्करीत कण चिकटले, तर त्यांची संख्या निम्मी व्हायला किती वेळ लागेल? एका मिलिलिटरमध्ये शंभर कोटी कण असतील तर सुमारे तीन मिनिटे. दहा लाखच असतील तर जवळपास दोन दिवस! म्हणजे किंचित गढूळ पाणीच जास्त छळते. म्हणूनच केंद्रात तुरटी आधी जोराने मिसळतात आणि नंतर पाणी हळूहळू ढवळतात. हळू ढवळण्याने टकरी वाढतात. जोर वाढला तर झालेले पुंजके फुटतात.

मोजणी होते ती प्रयोगशाळेतल्या ओळीने मांडलेल्या भांड्यांत. पाणी तेच, तुरटीची मात्रा मात्र प्रत्येक भांड्यात वेगळी. मिनिटभर वेगाने, मग पंधरा-वीस मिनिटे सावकाश ढवळून अर्धा तास स्थिर ठेवायचे आणि वरच्या पाण्याचा गढूळपणा मोजायचा. गंमत अशी, की तुरटी जास्त झाली तर कणांवरचा भार उलटा होतो आणि पाणी पुन्हा गढूळच राहू शकते. अंदाजपंचे मात्रा चालत नाही ती यासाठी.

या चाचणीत चिकटणे आणि बसणे यांचा हिशेब एकत्रच होतो. नुसते चिकटणे पाहायचे तर वाहत्या पाण्यातून प्रकाशाचा बारीक किरण सोडतात. सुटे कण असतील तर पलीकडचा उजेड जवळजवळ स्थिर असतो. पुंजके होऊ लागले की तो लुकलुकतो. लुकलुक किती लवकर वाढली, यावरून वेग कळतो.

घरी करून पाहायचे असेल तर दोन काचेच्या ग्लासांत सारखेच मातीचे पाणी घ्या. एकात चमचाभर मीठ विरघळवा, मागे हे वर्तमानपत्र धरा आणि अक्षरे कधी वाचता येतात याची वेळ टिपा. दोन्ही ग्लासांतला फरक घड्याळच सांगेल.

ही खटपट केवळ पाणी चांगले दिसावे म्हणून नाही. मातीच्या कणांआड लपलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन नीट पोचत नाही. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एककापर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालेल, असे भारतीय मानक २०१२ पासून सांगते. मुसळधार पावसात नदीचा रंग काही तासांत बदलतो. सकाळची मात्रा संध्याकाळी पुरेलच असे नाही.

खाडीत तुरटी टाकायला कोणी नाही. तिथे हे काम समुद्राचे मीठ करते. नदीच्या गोड पाण्याला भरतीचे खारे पाणी भेटले, की कणांचा दुरावा कमी होतो आणि प्रवाह मंद असेल तिथे पुंजके बसतात. भाईंदरच्या खाडीकाठचा, तिवरांच्या मुळांत साठलेला मऊ चिखल बराचसा असाच जमलेला आहे. जुलैत नदीला पूर आला की ही भेटीची जागा समुद्राकडे सरकते, आणि उन्हाळ्यात पुन्हा आत, ठाण्याच्या दिशेने येते.