शरण आलेला सुभेदार

बऱ्हाणपुराजवळचे बहादरपूर हे गाव खानदेशाचा शेवटचा सुलतान बहादूर फारुकी याची आठवण सांगते. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला, बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली आणि खानदेश मोगलांचा सुभा बनला. पराभूताने बंदीत जावे व मुलखाचा कारभार जेत्याच्या माणसाने पाहावा, ही जुनी रीत. विसाव्या शतकात तिबेटात मात्र निराळा प्रकार घडला. ठाणे गमावणाऱ्या सुभेदारालाच जेत्याने पुढे त्या प्रदेशाच्या प्रमुखपदी बसविले. न्गाबो न्गावांग जिग्मे हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म 1910 सालचा. 1950 मध्ये ल्हासा सरकारने पूर्व तिबेटचा कारभार सांभाळण्यासाठी त्यांना चामदो येथे पाठविले. ऑक्टोबरात चिनी सैन्य चालून आले. चामदोहून बिनतारी यंत्रावर ल्हासाकडे विचारणा झाली, तेव्हा मंत्रिमंडळ वनभोजनास गेले असल्याचे उत्तर मिळाले, अशी हकीकत सांगतात. थोड्याच दिवसांत न्गाबो शरण गेले. 23 मे 1951 रोजी पेकिंग येथे शिष्टमंडळाचे प्रमुख या नात्याने त्यांनी सतरा कलमी करारावर सही केली. त्यात तिबेट चीनचा भाग ठरला; उलट दलाई लामांचे स्थान व तिबेटची अंतर्गत राज्यव्यवस्था न बदलण्याचे आश्वासन मिळाले. ल्हासाने सहीचा अधिकार दिलाच नव्हता, हा आक्षेप त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. करारावरचे शिक्केसुद्धा पेकिंगमध्येच घडविलेले होते!

ते आश्वासन टिकले नाही. 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले. न्गाबो मागे राहिले. सप्टेंबर 1965 मध्ये तिबेट स्वायत्त प्रदेशाची स्थापना झाली, तेव्हा त्याच्या सरकारचे पहिले अध्यक्ष तेच झाले. 1981 ते 1983 या काळात ते पुन्हा त्या पदावर होते.

हे पद दिसते आपल्याकडील मुख्यमंत्र्यासारखे. पण अध्यक्षाच्या वर कम्युनिस्ट पक्षाच्या प्रदेश समितीचा सचिव असतो आणि शेवटचा शब्द त्याचा. सांस्कृतिक क्रांतीचा व तिच्यानंतरचा थोडा काळ वगळल्यास अध्यक्षपद तिबेटी माणसाकडेच राहिले. पक्षसचिवाच्या जागी मात्र 1965 पासून एकही तिबेटी आलेला नाही. 1985 मध्ये आलेले वू जिंगहुआ हान नव्हते हे खरे, पण तेही यी जमातीचे. खुर्ची तिबेटी माणसाची आणि किल्ल्या दुसऱ्याच्या, अशी ही व्यवस्था आहे.

मग अशा खुर्चीवरून काही साधता येते काय? न्गाबो यांच्यापुरते उत्तर भाषेच्या बाबतीत शोधता येते. तिबेटी भाषेला शाळांत व सरकारी कामकाजात स्थान देणारी 1987 ची नियमावली दहावे पंचेन लामा व न्गाबो यांच्या पुढाकाराने झाली. तिची अंमलबजावणी पुढे ढिली पडली, ही गोष्ट वेगळी.

23 डिसेंबर 2009 रोजी पेकिंगमध्ये त्यांचे निधन झाले. चिनी सरकारने त्यांचा देशभक्त म्हणून गौरव केला. इकडे धर्मशाळेतील निर्वासित तिबेटी प्रशासनानेही शोक व्यक्त करताना त्यांना प्रामाणिक व देशभक्त म्हटले. दोघांच्या मनातला देश मात्र एक नव्हता.