बंद केलेली साइट शेजाऱ्याकडे उघडते तेव्हा

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या जुन्या म्हाडा इमारतीतले दोन शेजारी. एकाकडे मोठ्या कंपनीचं ब्रॉडबँड, दुसऱ्याकडे गल्लीतल्या केबलवाल्याचं. फुकटात सिनेमे दाखवणारी एखादी साइट पहिल्याकडे उघडत नाही, पडद्यावर नुसती पाटी येते. भिंतीपलीकडे तीच साइट बिनदिक्कत चालते. मग जिन्यात चर्चा होते. एक म्हणतो, ‘सरकारनं साइट बंद केली.’ दुसरा म्हणतो, ‘माझ्याकडे चालू आहे की.’ तिसरा निकाल देऊन मोकळा होतो, ‘कायदा नुसता कागदावर!’ या तिघांचंही थोडं थोडं चुकतं.

साइट बंद झालेली नसते. तिचा सर्व्हर बहुधा परदेशात असतो आणि तिथपर्यंत इथल्या कोर्टाचा हात पोचत नाही. हुकूम निघतो तो आपल्याला इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांवर: या पत्त्याकडे जाणारी वाट अडवा. ती कशी अडवायची, हे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीनं ठरवते. कुणी डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या डिरेक्टरीत, चुकीचं उत्तर ठेवते. कुणी जाणाऱ्या पाकिटावरचं साइटचं नाव वाचून ते मधेच थांबवते. कुणाच्या यादीत ते नावच नसतं. 2020 साली काही भारतीय संशोधकांनी सहा इंटरनेट कंपन्यांची जोडणी तपासली. चार हजारांहून अधिक साइट्सच्या यादीतल्या सहाही कंपन्यांकडे अडवलेल्या निघाल्या फक्त 1,115. जिन्यातल्या वादाचं उत्तर या आकड्यात आहे.

‘सरकारनं बंद केली’ हेही सरसकट खरं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 69अ सरकारला साइट अडवण्याचा अधिकार देतं, पण तो देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी. कॉपीराइट त्या यादीत नाही. म्हणून निर्माते वर्षानुवर्षं हायकोर्टात जात आले आणि आजही जातात. 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला. त्यानंतर माहिती व प्रसारण मंत्रालयानं 12 नोडल अधिकारी नेमले आणि पायरसीच्या तक्रारीवर 48 तासांत कारवाईची सोय केली. थिएटरात बसून सिनेमा रेकॉर्ड करणाऱ्याला किमान तीन महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि कमीत कमी तीन लाख रुपये दंड, हीही त्याच दुरुस्तीतली तरतूद.

आता सगळ्यात टिकाऊ गैरसमज: ‘अशी साइट नुसती पाहिली तरी तीन वर्षं तुरुंग.’ ही अफवा जन्मली कशी, हे सांगण्यासारखं आहे, कारण तिचं मूळ मुंबईतच आहे.

जुलै 2016. ‘ढिशूम’ हा हिंदी सिनेमा 29 तारखेला लागणार होता. पायरसीच्या भीतीनं निर्माते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि अनेक साइट्स अडवण्याची मागणी केली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती तशीच मान्य केली नाही. एखाद्या साइटवर चोरीचा एक सिनेमा आहे म्हणून अख्खी साइट का बुडवायची? तिच्यावर कायदेशीर मजकूरही असू शकतो. प्रत्येक दुव्याची एकाहून अधिक वेळा पडताळणी करा, यादी शपथेवर द्या, मग बघू, असं त्यांनी बजावलं. ते झाल्यावरच, सिनेमा लागायच्या तीन दिवस आधी, ठरावीक दुवे अडवण्याचा आदेश निघाला. अडवलेल्या पानावर कोर्टाच्या आदेशाची माहिती हवी, आणि चुकून अडवल्या गेलेल्यानं दाद कुठे मागायची तेही हवं, यावर त्यांचा भर होता.

ही सावधगिरी उगाच नव्हती. 2012 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाचा सैल अर्थ लावून कंपन्यांनी व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिनसारख्या अख्ख्या साइट्स अडवल्या होत्या. फक्त विशिष्ट पानं अडवायची आहेत, हे कोर्टाला मागाहून स्पष्ट करावं लागलं.

‘ढिशूम’नंतर पडद्यावर जी पाटी झळकली, तिच्यात लिहिलं होतं की बेकायदा प्रत पाहणं, उतरवणं, दाखवणं, तिची नक्कल करणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड. ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांनी तिचेच मथळे केले. मग त्याच महिन्याच्या अखेरीस न्या. पटेल यांनीच स्पष्ट केलं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो परवानगीशिवाय वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्यानं देण्यात. पाटीचा मजकूर बदलायला सांगितला गेला. पण दुरुस्तीला मथळ्याइतके पाय नसतात. आठ-दहा वर्षांनंतरही व्हॉट्सॲपवर फिरते ती पहिलीच पाटी.

याचा अर्थ सगळं माफ, असाही नाही. टॉरेंटनं सिनेमा उतरवताना तुमचा संगणक त्याच वेळी त्याचे तुकडे इतरांना पुरवत असतो. म्हणजे ‘मी फक्त घेतला’ म्हणणारा नकळत वाटपातही सामील असतो. अडवलेल्या वाटेला वळसा घालणाऱ्या व्हीपीएनचंही तसंच. तो वापरणं भारतात गुन्हा नाही, पण त्यातून केलेली चोरी त्यामुळे कायदेशीर होत नाही.

‘एक अडवली की दहा उगवतात, मग काय उपयोग?’ उगवतात हे खरंच. नावात एखादं अक्षर बदलायचं, शेवटचं डॉट-काहीतरी बदलायचं, की झाली नवी साइट. यावर दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल 2019 मध्ये तोड काढली. मुख्य आदेश एकदा मिळाला की त्याच साइटच्या नव्या जुळ्या भावंडांसाठी पुन्हा दावा लावायला नको. ती नावं सहनिबंधकाकडे देऊन यादीत घालता येतात.

तरीही माणसं वळतात का? ब्रिटनमधला अभ्यास बोलका आहे. तिथे 2012 मध्ये एकटी ‘पायरेट बे’ ही साइट अडवली, तेव्हा लोक दुसऱ्या चोरवाटेनं गेले आणि पैसे देऊन पाहणारे वाढले नाहीत. नोव्हेंबर 2013 मध्ये एकदम 19 साइट्स अडवल्या, तेव्हा मात्र अधिकृत सेवांचा वापर वाढलेला दिसला. म्हणजे कुंपणाची उंची फारशी कामाची नाही. एकाच वेळी किती फटी बुजवल्या, त्याला महत्त्व. माझ्या मते निर्मात्याला कायमचं कुलूप नकोच असतं. सिनेमाची बरीचशी कमाई पहिल्या शुक्रवार ते रविवारात होते, आणि तेवढे तीन दिवस आळशी प्रेक्षकाची वाट लांब झाली तरी त्याचं भागतं. हट्टी प्रेक्षक तसाही थांबत नाही.

मात्र आतूनच फुटणाऱ्या चोऱ्यांपुढे हे कुंपण कुचकामी ठरतं. जून 2016 मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाआधीच फुटला, तेव्हा त्या प्रतीवर सेन्सॉरसाठी असल्याचा शिक्का होता. ऑगस्ट 2017 मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा एक भाग वेळेआधी बाहेर आला, तेव्हा पोलिसांनी चौघांना अटक केली. ते मालिकेच्या भारतातल्या प्रसारणाचं तांत्रिक काम सांभाळणाऱ्या कंपनीचे आजी-माजी कर्मचारी होते.