शिशाची फौज, मातीचे मावळे

खेळण्यातल्या सैनिकांचा इतिहास सांगणारी पुस्तके बहुधा इजिप्तमधल्या मेसेहतीच्या थडग्यापासून सुरुवात करतात. असयूत इथल्या या चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात चाळीस भालाईत आणि चाळीस नूबियन धनुर्धारी अशा दोन लाकडी पलटणी सापडल्या आणि आज त्या कैरोत आहेत. काम अप्रतिम आहे; पण ही फौज मृताच्या पहाऱ्यासाठी पुरलेली होती, तिच्याशी खेळणे अभिप्रेतच नव्हते. थडग्यातली लाकडी फौज, देवळाला वाहिलेला पितळी घोडेस्वार आणि मुलाच्या मुठीतला शिपाई या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. संग्राहकाचा संबंध तिसऱ्याशी, आणि त्याची सलग कथा सुरू होते ती अठराव्या शतकातल्या जर्मनीत, कथलापासून.

न्यूरेंबर्गचे कथीलकाम करणारे कारागीर मूळचे थाळ्या-पेले ओतणारे. कोबुर्गहून तिथे येऊन स्थायिक झालेल्या हिल्पर्ट घराण्याने सैनिकांच्या चपट्या आकृत्या ओतायला घेतल्या. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या लढायांनी सगळा युरोप भारावला होता आणि ती हवा थेट खेळण्यांत उतरली. पाटीच्या दगडाच्या दोन तुकड्यांवर उलटी आकृती कोरायची, तुकडे जुळवून वरून रस ओतायचा, की जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा शिपाई तयार. तो लाकडी चिपांच्या डब्यांतून वजनावर विकला जाई. १८४८ मध्ये एर्न्स्ट हाइनरिक्सनने उंचीचे ३० मिलिमीटरचे माप ठरवले आणि निरनिराळ्या कारखान्यांचे शिपाई प्रथमच एका रांगेत शोभू लागले. खऱ्या अर्थाने संग्रहाची सोय झाली ती या मापामुळे. चपट्या शिपायांचे भक्त आजही आहेत. कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात त्यांचे मोठे संग्रहालय आहे.

या खेळाचे वेड मोठ्यांनाही जुनेच. रशियाचा तिसरा पीटर गादीवर येण्याआधी पुठ्ठ्याचे किल्ले आणि खळीपासून केलेले शिपाई घेऊन खेळत असे. एका उंदराने तटावर चढून दोन पहारेकरी फस्त केले, तेव्हा पीटरने लष्करी कायद्याने खटला चालवून त्या उंदराला फासावर लटकवले, अशी नोंद त्याची पत्नी कॅथरीन हिने आपल्या आठवणींत केली आहे. नवऱ्याविषयी तिला प्रेम नव्हते, हे लक्षात घेऊनच ती वाचावी.

१८३८ हे वर्ष या इतिहासात दोनदा येते. हान्स ख्रिश्चन अँडरसनची एका पायाच्या कथलाच्या शिपायाची गोष्ट त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. जुन्या चमच्यातून पंचवीस शिपाई ओतले, शेवटच्याला कथील पुरले नाही म्हणून त्याचा पाय राहिला, हा तपशील ओतकाम पाहिलेल्या माणसाचाच आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये कॅप्टन विल्यम सायबॉर्नने वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती लोकांसमोर मांडली. तिच्यावर सत्तर हजारांहून अधिक चिमुकले सैनिक होते. प्रशियन सैन्य किती आणि कुठे दाखवावे यावरून वाद झाला, आणि या उद्योगापायी सायबॉर्न कर्जात बुडाला. आज ती प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

चपट्याच्या पुढची पायरी म्हणजे भरीव, चहूबाजूंनी घडलेला शिपाई. फ्रान्समध्ये ल्यूकॉत आणि मिन्यो, जर्मनीत ड्रेस्डेनचा गेओर्ग हायडे ही त्यातली मोठी नावे. हायडेच्या शिपायांची अंगकाठी बेताची. पण त्याने फक्त कवायत न घडवता छावणीचे सारे जीवन घडवले. स्वयंपाक करणारे, जखमींना वाहून नेणारे, हत्तीवरून मिरवणारे असे सगळे त्याच्या डब्यांत सापडतात. १९४५ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनवर बॉम्ब पडले, त्यात हा कारखाना गेला. भरीव शिपायाची अडचण एकच होती. धातू जास्त लागे, वजन वाढे आणि किंमत मध्यमवर्गाच्या हाताबाहेर जाई.

ही अडचण १८९३ मध्ये लंडनच्या हॉर्न्सी राइज भागात सुटली. विल्यम ब्रिटन हे चावीची खेळणी करणारे गृहस्थ. त्यांच्या थोरल्या मुलाने, त्याचेही नाव विल्यमच, पोकळ ओतीव शिपायाची रीत बसवली. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस दोन भागांच्या धातूच्या साच्यात ओतायचा. थंड साच्याला टेकलेला थर लगेच थिजतो. तोच साचा उलटा करून आतला पातळ रस परत काढून घ्यायचा. हवा सुटावी म्हणून डोक्यात बारीक भोक ठेवलेले असे. मनगटाचा झटका क्षणभर लवकर बसला तर शिपाई पापडासारखा पातळ होई, उशिरा बसला तर भरीव. सगळी बचत कामगाराच्या त्या अंदाजावर उभी होती. पहिला संच लाइफ गार्ड्स या राजरक्षक घोडदळाचा. हॉल्बर्नच्या गॅमेजेस या मोठ्या दुकानाने माल ठेवला आणि जर्मन मालाची इंग्लंडमधली मक्तेदारी मोडायला सुरुवात झाली.

या ब्रिटन कारखान्याच्या शिपायाची उंची ५४ मिलिमीटर. घोडेस्वार बहुधा पाच, पायदळ आठ, अशी भरणी तांबड्या चकचकीत कागदाच्या डब्यात दोऱ्याने शिवून बसवलेली. हात खांद्यापाशी फिरणारा, म्हणजे बंदूक खांद्यावरून खाली येऊ शके. रंगवण्याचे काम मुख्यतः बायकांचे. पुष्कळजणी ते घरी नेऊन करत. गुलाबी चेहरा, त्यावर दोन ठिपक्यांचे डोळे, एका फटकाऱ्याची मिशी आणि वर तुकतुकीत इनॅमल. नक्कल करणारे इतके वाढले की १९०० पासून आकृत्यांवर हक्काची तारीख येऊ लागली, आधी कागदी चिठ्ठीवर, मग पायाखालच्या पट्टीवर ओतलेली. आजचा संग्राहक शिपाई हाती आला की पहिल्यांदा उलटा करतो तो यासाठी. मात्र ती तारीख आकृतीच्या हक्काची असते, त्या नगाच्या ओतकामाची नव्हे. ही चूक विक्रीच्या याद्यांत अजून सर्रास आढळते.

या शाखेवर नाक मुरडणारा एक पक्ष आहे. ब्रिटनच्या घोड्यांचे पाय शरीरशास्त्राला धरून नाहीत, गणवेशाची बटणे मोजून भरत नाहीत, चकाकी पोरकट आहे, खरी कला ती फिक्या रंगातल्या, सुटे भाग जोडून केलेल्या प्रदर्शनी प्रतिकृतीत, असे हा पक्ष म्हणतो. बटणांबाबत त्यांचे खरे आहे. पण नेपोलियनच्या शिपायाची आज केलेली निर्दोष प्रतिकृती आजच्या कारागिराचे कसब आणि त्याने वाचलेली पुस्तके यांपलीकडे काही सांगत नाही. खेळणे मात्र आपल्या काळाची साक्ष देते. बोअर युद्ध चालू असतानाच ब्रिटन कारखान्याने लंडनच्या स्वयंसेवक पलटणीचे आणि बोअरांचे शिपाई बाजारात आणले. १९३५ मध्ये इटलीने अबिसिनियावर चाल केली तेव्हा दोन्ही बाजूंचे संच निघाले. पहिल्या महायुद्धानंतर पालकांना युद्धाचा वीट आला, तेव्हा त्याच कारखान्याने गायी, मेंढ्या, शेतकरी आणि गवळणी ओतल्या, आणि त्या तुफान खपल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हवाई हल्ल्याच्या बचावाची पथके आली. लोकांना आपले सैन्य कसे दिसत होते, युद्ध कधी हवेसे आणि कधी नकोसे वाटत होते, याचा इतका सलग पुरावा दुसऱ्या कुठल्या खेळण्यात मिळत नाही.

हिंदुस्थानी फौजेचे संच हा या पुराव्यातला मराठी वाचकाच्या जवळचा भाग. स्किनर्स हॉर्स, बंगाल आणि मद्रासचे घोडदळ यांच्याबरोबर बॉम्बे लान्सर्स आणि मुंबई इलाख्याचे देशी पायदळही ब्रिटनने काढले. फेटा, कमरपट्टा, भाल्यावरची निशाणी हे सगळे लंडनच्या बायकांनी नमुन्यावरून रंगवलेले. त्वचेच्या तपकिरी रंगाची छटा डब्यागणिक बदलते. साम्राज्य आपल्या देशी शिपायाकडे कसे पाहत होते, ते या रंगकामात दिसते. शोभेची वर्दी चोख, चेहरा मात्र सगळ्यांचा एकच.

या शिपायांशी मोठमोठी माणसे खेळली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन दाव्होसमध्ये प्रकृतीसाठी राहत असताना सावत्र मुलाबरोबर जमिनीवर मोहिमा लढवत असे. चर्चिलजवळ लहानपणी जवळपास पंधराशे शिपाई होते, सगळे एका मापाचे आणि सगळे ब्रिटिश. धाकट्या भावाच्या शत्रुसैन्याला तोफा बाळगायची परवानगी नव्हती. वडिलांनी ती मांडणी पाहिली आणि मुलाला सैन्यात जायचे आहे का, असे विचारले. आपल्या आयुष्याचा प्रवाह त्या शिपायांनी वळवला, असे चर्चिलने पुढे लिहिले. एच. जी. वेल्सने तर १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे खेळाच्या नियमांचे पुस्तकच काढले. लाकडी गोळी उडवणारी ब्रिटनची स्प्रिंगची तोफ हा त्या खेळाचा पाया. खऱ्या युद्धापेक्षा हा खेळ किती बरा, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी खरे युद्ध सुरू झाले.

यानंतरचा काळ थोडक्यात आटोपता येतो. जर्मनीत एलास्टोलिन आणि लिनिओल यांनी लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्याचे शिपाई केले. त्यातल्या नाझी पुढाऱ्यांच्या मूर्तींमुळे हा संग्रह अनेकांनी कटाक्षाने टाळला. अमेरिकेत पाच-दहा सेंटांच्या दुकानांतून बार्कले आणि मॅनॉइल यांचे ओबडधोबड, पण जिवंत शिपाई सुटे विकले गेले. मग प्लास्टिक आले. पन्नासच्या दशकात हेराल्डचे शिपाई, १९५९ पासून एअरफिक्सचे बोटाच्या पेराएवढे शिपाई, आणि पिशवीतून मिळणारे हिरवे सैनिक. या हिरव्या सैनिकांना २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी दालनात मानाचे स्थान मिळाले. शिशाच्या विषारीपणाची जाणीव वाढली, मजुरी महागली, आणि १९६६ मध्ये ब्रिटनने पोकळ ओतीव शिपाई बंद केला. मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता.

संग्रहाचा संघटित इतिहास याच्या बराच आधी सुरू होतो. ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी १९३५ ची. उत्पादन थांबल्यावर जुन्या डब्यांना भाव आला, लिलावगृहांनी स्वतंत्र विक्री सुरू केली. प्रकाशक माल्कम फोर्ब्स यांनी टँजियरच्या राजवाड्यात लाखभर शिपायांचे संग्रहालय उभारले. १९९० मध्ये ते वारले आणि तो संग्रह पुढे फुटून विकला गेला. मोठ्या खाजगी संग्रहांची गत बहुधा अशीच होते.

आजची स्थिती शोचनीय आहे. नवे धातूचे शिपाई मर्यादित प्रतींत, प्रौढांसाठी, काचेमागे ठेवण्यासाठीच निघतात. डबा उघडला की किंमत उतरते म्हणून तो उघडलाच जात नाही. जुन्या शिपायांना नवा रंग देऊन ‘सुधारणारे’ कारागीर फोफावले आहेत. अशा रंगाने शिपायाचे मोल आणि पुरावा दोन्ही पुसले जातात. अज्ञानाची झळ तर रोजची. ओकच्या किंवा ताज्या प्लायवूडच्या कपाटातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे राखाडी भुकटी होऊन झडते आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर घडते. लोखंडी किंवा काचेचे कपाट, कोरडी हवा आणि हाताळल्यावर साबणाने धुतलेले हात, एवढे पथ्य पुरेसे आहे.

महाराष्ट्रात शिशाच्या फौजेची परंपरा नाही. इथली फौज मातीची आणि हंगामी. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा दोन भागांच्या साच्यातून निघतो, भट्टीत भाजला जातो किंवा नुसताच उन्हात वाळतो, आणि कुंभाराच्या घरची सगळी माणसे त्याला रंग देतात. पुण्यात कसब्याजवळच्या कुंभारवाड्यात वसुबारसेआधी त्याचे ढीग लागतात. इथे ५४ मिलिमीटरचा दंडक चालत नाही. सिंहासनावरचे महाराज सर्वांत मोठे, मावळे त्यांच्या निम्मे, वाघ मावळ्यापेक्षा उंच आणि तोफ हाती लागेल तेवढी. मान मोठा तर आकार मोठा, हा या फौजेचा नियम आहे. तटावर पहारेकरी, पायथ्याशी शेतकरी, गवळण, वासुदेव आणि अळिवाच्या कोंभांची शेती असतेच. म्हणजे छावणीबरोबर गावही मांडायचे, हे हायडेला सुचलेले इथल्या पोरांनी न शिकता केले.

या मावळ्याला खेळणे म्हणून कमी लेखणारे इथेही आहेत. अंगरख्याचा घेर, पगडीची ठेवण इतिहासाला धरून नाही, अशी त्यांची तक्रार असते. ती ब्रिटनच्या बटणांवरच्या तक्रारीइतकीच गैरलागू आहे. मातीचा मावळा सतराव्या शतकाची वर्दी दाखवण्यासाठी नाही. विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने आपला इतिहास अंगणात कसा मांडला, ते तो दाखवतो. आधी शाडू, मग प्लास्टर, आता प्लास्टिक. सुतळी आणि गोणपाटाच्या डोंगराऐवजी तयार किल्ले. मावळ्यांच्या शेजारी हिरवे सैनिक आणि रणगाडे. हे बदल या खेळण्याच्या इतिहासाचाच भाग आहेत.

दुर्दैव एवढेच, की त्याची नोंद नाही. ब्रिटनच्या प्रत्येक डब्याला क्रमांक आहे, सूचीही आहे. मावळ्याचा कुंभार, गाव, साल यांपैकी काहीच लिहिले जात नाही, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो बहुधा फुटतो, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात विरघळतो. साचा झिजला की टाकून देतात. एका साच्याबरोबर एक घराणे आणि एक घडण जाते. या वर्षी किल्ला उतरवताना वाचकांनी एक मावळा, एक पहारेकरी आणि एक गवळण बाजूला काढावी, तळाशी कुंभाराचे नाव, गाव आणि साल पेन्सिलने लिहावे आणि कोरड्या डब्यात ठेवावे. जमल्यास कुंभाराकडून जुना साचाही मागून घ्यावा. त्याला किंमत द्यावी, घासाघीस करू नये.