वर्ग संपला, तरी सोबती सोडू नका

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे, पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ सालची. अशा ठिकाणी शिकलेला तरुण गावी परततो, तेव्हा प्रमाणपत्र हाती असते; पण अडले तर विचारायला जवळ कोणी नसते.

पोलीस भरतीसाठी पोरे १६०० मीटर धावू लागतात. चार-आठ दिवसांत एखाद्याच्या नडगीत कळ येते. पळू द्यावे की थांबवावे? इथे वर्गातला जुना सोबती कामी येतो. तो सांगतो, डांबरी सडक सोडा, अंतर हळूहळू वाढवा. एकाच जागी बोट लावताच दुखत असेल तर पळणे बंद करून डॉक्टरांना दाखवा, हाडाला बारीक चीर असू शकते.

प्रशिक्षक मंडळींनो, महिन्याकाठी एकमेकांना एक फोन कराच. पोरांचे पाय त्याने वाचतील.